मोटारीचे जुने हलके फ्लायव्हील घेताना

मोटारीच्या सुट्या भागांच्या जुन्या बाजारात काही माल असा असतो की त्याची पारख डोळ्यांनी होते. दरवाजा, आरसा, दिवा, सीट समोर ठेवली की गुणदोष लगेच दिसून येतो. काही भाग मात्र आपला ऐब पोटात दडवून बसलेले असतात. फ्लायव्हील हा त्यांपैकीच एक होय. त्यातही जादा पिकअपसाठी किंवा शर्यतीसाठी बनवलेले हलके फ्लायव्हील जुन्या बाजारात विकायला येते, तेव्हा नव्याच्या मानाने कमी किंमत पाहून गिऱ्हाईक भुलते. असा सौदा करण्यापूर्वी गाडीमालकांनी, गॅरेजवाल्यांनी आणि सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनी काय पाहावे, याची माहिती या लेखात देत आहोत.

इचलकरंजीला जुन्या यंत्राची खरेदी नवीन नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग चालवला. पुढे साध्या मागांच्या जोडीला परदेशातून वापरलेले सुल्झर माग आणून येथील कारखानदारांनी ते दुरुस्त केले व चालवून दाखवले. जुने यंत्र घेताना पैसे लोखंडाचे नव्हे, त्याच्या शिल्लक आयुष्याचे मोजायचे असतात, हे येथील मागवाल्याला सांगावे लागत नाही. तोच हिशेब मोटारीच्या भागाला लावायचा आहे. फरक इतकाच की माग बिघडला तर कापड खराब होते. फ्लायव्हील फुटले तर माणूस जायबंदी होतो.

फ्लायव्हीलचे काम

साध्या मागाच्या क्रँक शाफ्टला एक जड चाक असते. फणी दर फेऱ्याला एकदा ठोका मारते. त्या क्षणी जास्त जोर लागतो, बाकीच्या वेळी कमी. हे जड चाक मधल्या वेळात जोर साठवते आणि ठोक्याच्या वेळी देते, म्हणून माग अडखळत नाही. मोटारीचे फ्लायव्हील तेच काम करते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर पेटतो. दोन पेटण्यांच्या मधला खळगा फ्लायव्हील भरून काढते. याखेरीज त्याला आणखी तीन कामे असतात. त्याच्या कडेवरच्या दातेरी कड्यात, म्हणजे रिंग गिअरमध्ये, स्टार्टर अडकतो. त्याच्या चेहऱ्यावर क्लच प्लेट घासते. क्लच घसरताना जी उष्णता निर्माण होते, तीही बरीचशी तेच पोटात घेते.

हलके केल्याने काय मिळते

वजन कमी केले की इंजिनाचे फेरे लवकर चढतात आणि लवकर उतरतात. यातही वजन कोठून काढले याला महत्त्व आहे. मध्यापासून अंतर दुप्पट झाले की त्या वजनाचा परिणाम चौपट होतो. म्हणून कडेचे एक किलो काढणे आणि मध्याजवळचे एक किलो काढणे सारखे नव्हे.

उदाहरणादाखल हिशेब करू. मध्यापासून ११ सेंटिमीटरवरचे ३ किलो वजन काढले, गाडीच्या चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरली आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे १४ फेरे म्हणजे चाकाचा १ फेरा असे मानले, तर वेग घेताना गाडीवरून सुमारे ९० किलो उतरल्यासारखे वाटते. पाचव्या गिअरमध्ये हेच प्रमाण ३ फेऱ्यांना १ असेल, तर फायदा जेमतेम ४ किलोचा उरतो. म्हणजे जो काही फरक पडतो तो खालच्या गिअरमध्ये. इंजिनाची मूळ ताकद यामुळे एका घोड्यानेही वाढत नाही. हायवेला एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीला काहीच लाभ नाही.

तोटा मात्र रोजचा आहे. आयडलिंगला इंजिन थरथरते. गाडी उचलताना थोडी जरी चूक झाली तरी बंद पडते. चढावर क्लच जास्त घसरवावा लागतो आणि उष्णता सोसायला लोखंड कमी असल्याने क्लच लवकर जळतो. सायझिंगमधून भरलेली बिमे घेऊन कारखान्याच्या दारोदार थांबत जाणारा टेम्पो, भाड्याची सुमो, आंबा घाट किंवा करूळ घाट चढणारी मालाची गाडी यांना हलके फ्लायव्हील बसवणे म्हणजे चालत्या रोजीला अडथळा आणणे होय. शर्यतीत जुन्या जिप्सी किंवा एस्टीम उतरवणाऱ्या हौशी मंडळींची गोष्ट वेगळी. त्यांना वळणातून बाहेर पडताना फेरे झटकन चढायला हवे असतात. कोल्हापूरनजीक मोहिते यांच्या रेसिंग अकॅडमीमुळे या भागात ही आवड असणारे तरुण आहेत. तेव्हा पहिला प्रश्न फ्लायव्हील चांगले की वाईट हा नसून, आपल्या गाडीला ते हवे कशाला हा आहे.

कशाचे बनले आहे ते ओळखा

कंपनीच्या गाडीत बहुधा बिडाचे फ्लायव्हील येते. हलकी फ्लायव्हील तीन प्रकारची आढळतात. एक, पोलादी ठोकळ्यातून किंवा फोर्जिंगमधून मशीन केलेले. दोन, अॅल्युमिनियमचे, त्याच्या चेहऱ्यावर पोलादी चकती रिव्हेटने किंवा स्क्रूने बसवलेली असते. तीन, कंपनीचे बिडाचे फ्लायव्हील लेथवर टर्निंग करून हलके केलेले. जुन्या बाजारात तिसरा प्रकार पहिल्याच्या नावाने विकला जाण्याचा धोका असतो.

बीड आणि पोलाद यांची ओळख आपल्या टर्नरला नवीन नाही. बिडाचा चुरा भुकटीसारखा पडतो, पोलादाची लांब वळलेली साल निघते. ग्राइंडरला टेकवले तर पोलादाची ठिणगी लांब व तेजस्वी जाते, बिडाची आखूड आणि लालसर. ठिणगीची परीक्षा मागच्या बाजूला, बिनमहत्त्वाच्या जागी आणि मालकाच्या परवानगीनेच घ्यावी.

हा फरक का महत्त्वाचा? बीड दाब सोसते, पण ताण सोसत नाही. आणि फिरणाऱ्या चाकात सगळा ताणच असतो. २५ सेंटिमीटर व्यासाचे फ्लायव्हील मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरले की त्याची कड ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने धावत असते. फेरे दुप्पट झाले की आतला ताण चौपट होतो. कंपनीने बिडाला जी जाडी दिलेली असते ती हिशेबाने दिलेली असते. ती अंदाजाने कापून काढलेले चाक ३,००० फेऱ्यांना शांत राहील, पण ६,००० ला फुटू शकेल. फुटलेला तुकडा गिअरबॉक्सचे कवच फोडून बाहेर येतो. जिप्सी किंवा टेम्पोसारख्या गाडीत फ्लायव्हील चालकाच्या पायांजवळ असते, हे लक्षात ठेवावे. सबब, लेथवर हलके केलेले बिडाचे जुने फ्लायव्हील कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

अमेरिकेतील एस.एफ.आय. ही संस्था शर्यतीच्या भागांची मानके ठरवते. फ्लायव्हीलसाठी तिचे १.१ हे मानक आहे. असा शिक्का असेल तर चांगलेच. पण शिक्का मूळ स्थितीतल्या मालाचा असतो. त्यानंतर कोणी त्यावर हत्यार चालवले असेल तर त्या शिक्क्यावर विसंबून राहता येत नाही.

पारख कशी करावी

प्रथम माल धुऊन घ्यावा. ग्रीस आणि काजळीखाली ऐब लपतो. धुवायला नकार देणाऱ्या विक्रेत्याकडे पुढे बोलणीच करू नयेत. मग पुढील क्रमाने पाहावे.

वजन : वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून घ्यावा. त्याच गाडीच्या मूळ फ्लायव्हीलचे वजन गॅरेजमध्ये करून ठेवलेले असेल तर हलके म्हणजे किती हलके, हे लगेच कळते.

आवाज : दोरीला टांगून छोट्या हातोडीने हलका ठोका द्यावा. पोलादाचा आवाज खणखणीत व लांबणारा येतो, बिडाचा त्याहून आखूड. तडा गेलेल्या मालाचा आवाज बद्द येतो. ही पहिली चाचणी आहे, शेवटची नव्हे.

चेहरा : क्लच प्लेट घासते त्या जागी निळे-काळे डाग असतील तर क्लच घसरून तेथे अतिशय उष्णता झाली होती, असे समजावे. बिडात अशा जागी कठीण डाग तयार होतात. लेथवर फेसिंग मारताना हत्यार त्यावरून उडी घेते आणि डाग उंचवट्यासारखा राहतो. असा चेहरा ग्राइंडिंग करूनच सरळ होतो, आणि डाग खोल असेल तर तोही इलाज चालत नाही. केसासारख्या बारीक वरवरच्या रेषा ग्राइंडिंगने गेल्या तर ठीक. पण रेष बोल्टच्या छिद्रापर्यंत किंवा कडेपर्यंत गेली असेल तर तो माल भंगाराचाच.

तडा : संशयाची जागा रॉकेलने ओली करून थोडा वेळ ठेवावी, कोरडी पुसावी आणि वर खडू फासावा. तड्यात शिरलेले रॉकेल खडूवर रेष उमटवते. यापेक्षा खात्रीची पद्धत म्हणजे रंग मारून तडा शोधणारे डाय पेनिट्रंट रसायन. पोलाद व बिडासाठी चुंबकीय तपासणीही होते. मध्याभोवतीची बोल्टची छिद्रे आणि मागील बाजूचे आतले कोपरे नीट पाहावेत. कोपऱ्याला गोलाई नसून धारदार खाच असेल तर तडा तेथूनच सुरू होतो.

छिद्रे व मधले बोअर : बोल्टचे छिद्र लांबट झाले असेल किंवा क्रँकला टेकणारी जागा खरचटून तांबूस पडली असेल, तर ते फ्लायव्हील कधीतरी सैल होऊन चालले आहे. असा माल घेऊ नये.

रिंग गिअर : चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा त्याच दोन जागी थांबते, म्हणून दात समोरासमोरच्या दोन ठिकाणी जास्त झिजतात. पूर्ण घेर फिरवून पाहावा. रिंग गिअर तापवून बसवलेला असतो व थंड झाल्यावर आवळतो. तो बदलता येतो, पण बेताबाहेर तापवला तर दातांचा कडकपणा जातो. हे काम माहीतगार मेस्त्रीकडूनच करून घ्यावे.

अॅल्युमिनियमची खास तपासणी : पोलादी चकतीचे रिव्हेट किंवा स्क्रू सैल आहेत का, चकती वाकली आहे का, ते पाहावे. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट फुगते, म्हणून हे जोड पुनःपुन्हा ओढले जातात.

हेलकावा : क्रँकला बसवून चेहऱ्यावर डायल लावावा आणि एक फेरा फिरवावा. अनेक गाड्यांत ०.२ मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते; नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्यावा.

बॅलन्सिंग : ही शेवटची व टाळू नये अशी पायरी. १२ सेंटिमीटर त्रिज्येवर केवळ १० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ६,००० फेऱ्यांना ते सुमारे ४८ किलोच्या जोराने चाकाला एका बाजूला ओढत असते. ही ओढ क्रँकच्या बेअरिंगवर पडते. जुने फ्लायव्हील घेतले की बॅलन्सिंग करून घेतल्याशिवाय गाडीला लावू नये.

बसते का, हेही पाहा

एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदलते. म्हणून जुने फ्लायव्हील नव्याशेजारी किंवा काढलेल्या मूळ मालाशेजारी ठेवून पाहावे. क्रँकच्या बोल्टची संख्या व अंतर, मधले बोअर, खुणेची पिन, रिंग गिअरच्या दातांची संख्या, क्लचचा व्यास, प्रेशर प्लेटची छिद्रे आणि एकूण उंची या गोष्टी जुळायला हव्यात. उंचीत फरक पडला तर रिलीज बेअरिंगचा हिशेब चुकतो आणि क्लच नीट सुटत नाही. काही इंजिनांत सेन्सरसाठीचे दात फ्लायव्हीलवरच असतात. ते नसतील तर गाडी चालूच होणार नाही. ज्या फ्लायव्हीलला पायरी असते त्याचे फेसिंग करताना चेहऱ्यावरून जितके काढले तितकेच प्रेशर प्लेट बसते त्या कड्यावरूनही काढावे लागते. हे न केल्याने क्लच घसरू लागतो आणि दोष मात्र नव्या क्लच प्लेटला दिला जातो.

अलीकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन थरांचे फ्लायव्हील येते. त्याच्या पोटात स्प्रिंगा व ग्रीस असते आणि इंजिनाचे झटके ते गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू देत नाही. जुने झाले की त्याची डगडग वाढते आणि आतली झीज बाहेरून मोजता येत नाही. असा माल जुना घेणे म्हणजे जुगार होय. त्याच्या जागी साधे हलके फ्लायव्हील बसवायचे असेल तर स्प्रिंगची क्लच प्लेटही त्याच जोडीची हवी. नाहीतर झटके थेट गिअरबॉक्सला बसतात.

खर्चाचा खरा हिशेब

मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारातून असो की दिल्लीच्या मायापुरीतून, जुना माल आणताना दुकानावरची किंमत ही खर्चाची सुरुवात असते. तिच्यात वाहतूक, ग्राइंडिंग, लागल्यास रिंग गिअर, बॅलन्सिंग, क्रँकचे नवे बोल्ट, मागचे ऑइल सील, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी मिळवावी. यांतली काही कामे नव्या फ्लायव्हीललाही लागतात, पण ती एकदाच. जुन्याची पारख चुकली तर गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागतो. समजा नव्याची किंमत १०० रुपये आहे आणि जुने ४५ ला मिळते. ग्राइंडिंग, रिंग गिअर व बॅलन्सिंगला ३० लागले की बचत २५ ची उरते. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी आणि गाडी उभी राहिल्याचे नुकसान त्या २५ पेक्षा जास्त होत असेल, तर तो सौदा स्वस्त नव्हता. सौदा करण्यापूर्वी हे आकडे आपापल्या गावच्या दराने कागदावर मांडावेत.

बिल घ्या, बिल द्या

जुन्या भागाचे बिल नसणे ही चूक महाग पडू शकते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. माल कोणत्या गाडीचा, कोणाकडून आला, हे बिलावर लिहून घेतलेले असले तर प्रामाणिक व्यापाऱ्याला घाबरण्याचे कारण उरत नाही. जीएसटीत नोंदणी असलेल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला २०१७ च्या नियमांतील नियम ३२(५) प्रमाणे एक सोय आहे. खरेदीवर कराचे क्रेडिट घेतलेले नसेल, तर खरेदी व विक्रीच्या किमतींतील फरकावरच कर आकारता येतो. त्यासाठी खरेदीची नोंद हवीच. आपल्या कर सल्लागाराला विचारून वह्या त्याप्रमाणे ठेवाव्यात. गिऱ्हाइकाची गाडी वॉरंटीत असेल तर असा भाग बसवण्यापूर्वी त्याला स्पष्ट कल्पना द्यावी. कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत. "चाचा, हे कोणत्या इंजिनाचे? गाडीतून का काढले? फेसिंग किती वेळा मारले? बॅलन्सिंगची चिठ्ठी आहे का? बसले नाही तर परत घ्याल का?" प्रामाणिक दुकानदार माहीत आहे तेवढे सांगतो आणि माहीत नाही ते माहीत नाही म्हणतो. सगळ्यालाच "एकदम टकाटक आहे, भाई" असे उत्तर आले तर तेथे सावध राहावे. ऐब झाकून माल विकणे हे आपल्याकडे नुसते धंद्याला नव्हे, तर इमानालाही बट्टा लावणारे मानले जाते.

कारागिरांना संधी

हा विषय केवळ गिऱ्हाइकाचा नाही. कोल्हापूर जिल्हा हे बिडाच्या ओतकामाचे देशातील मोठे केंद्र आहे. गुऱ्हाळांच्या आणि विहिरींच्या ऑइल इंजिनापासून येथे ओतकाम व लेथकाम वाढले. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत फ्लायव्हील ओतणारे, टर्निंग करणारे आणि तपासणारे हात आहेत. इचलकरंजीतही मागाचे सुटे भाग बनवणाऱ्या टर्नर-फिटरांकडे डायल, ग्राइंडर आणि नजर, तिन्ही आहेत.

जुन्या फ्लायव्हीलची तपासणी करून लेखी चिठ्ठी देणे हे काम अशा कारागिराला सहज करता येईल. चिठ्ठीवर वजन, धातू, तडा तपासणीचा निकाल, हेलकाव्याचा आकडा, काढलेली जाडी व बॅलन्सिंगचा आकडा एवढे असले तरी पुरे. आज गिऱ्हाईक जुन्या मालाला घाबरते ते त्याच्या मागचा इतिहास कळत नाही म्हणून. चिठ्ठी असलेला माल दोन पैसे जास्त देऊनही घेतला जातो, आणि नापास झालेला माल भंगारात गेला तर एखाद्याचे पाय वाचतात. मात्र नापास मालावर हातोडा मारून तो निकामी करावा. नाहीतर तोच माल फिरून दुसऱ्याच्या दुकानात येतो.

थोडक्यात सांगायचे तर, रोजच्या आणि मालाच्या गाडीला कंपनीच्याच वजनाचे फ्लायव्हील बसवावे. शर्यतीच्या हौसेसाठी हलके घ्यायचे तर पोलादी घ्यावे, स्वतः तपासून घ्यावे आणि बॅलन्सिंग करूनच लावावे. कापून हलके केलेले बीड कोणी फुकट दिले तरी गाडीखाली जाऊ देऊ नये.